बिनधुराची चिमणी

कुठल्याही गावात गेले आणि लांबवर एखादी चिमणी दिसली, की माझी नजर आधी तिच्या तोंडाकडे जाते. धूर काळा आहे, करडा आहे की पांढरा, हे बघितल्याशिवाय मला पुढचं काही सुचत नाही. नवरा म्हणतो, "झालं, आले आप्पा अंगात." चेष्टेनं म्हणतो तो, पण त्यात फारसं खोटं नाही. निंबा आप्पांनी ही खोड मला लावली ती लावलीच. बरं, खोड लावून माणूस गप्प बसावा की नाही, तर जाता जाता एक प्रश्नही गळ्यात अडकवून ठेवला. त्या प्रश्नाबद्दल शेवटी सांगते.

नव्वदच्या दशकात आम्ही सुरतेला होतो. नवरा बँकेत, मी उधन्याच्या एका मराठी शाळेत विज्ञानाची बाई. आमच्या सोसायटीत निम्मी घरं खानदेशातली. आप्पा अमळनेरकडचे, पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या, बॉयलर सांभाळत. बॉयलर सांभाळायला सरकारी परीक्षा द्यावी लागते. ती पास झाल्याचं सर्टिफिकेट त्यांनी काचेच्या फ्रेममध्ये, देव्हाऱ्याच्या शेजारी लावलं होतं. माणूस काटकुळा, भुवया भट्टीच्या झळीनं कायमच्या विरळ झालेल्या, आणि हात सतत कशाला तरी लागलेला. तळहात नाही, पालथा हात. चहाचा कप, भिंत, स्कूटरचं इंजिन, तापलेल्या मुलाचं कपाळ, सगळ्याला ते पालथा हात लावून बघत. तळहाताला घट्टे पडून त्याला काही कळेनासं झालं होतं, असं त्यांची बायको द्वारकाबाई सांगायची.

एका जागी बसणं हे आप्पांच्या कुंडलीतच नव्हतं. लग्नाची पंगत असो, शाळेतली पालकसभा असो, मधूनच उठून बाहेर जायचे आणि पांडेसऱ्याच्या दिशेनं मान वर करून उभे राहायचे. तिथं चिमण्यांची रांगच रांग. "ही तिसरी बघा बाई. डुलकी लागली त्याला, कोळसा एकदम ओतला त्यानं. आणि ती पलीकडची, तिथं हवाच कमी सोडली. आळशी माणूस आहे." चिमणीवरून माणसाचा स्वभाव सांगायचे, आणि मिलमधले लोक म्हणत की तो बहुतेक बरोबर निघतो. त्यांचं म्हणणं एकच होतं : धूर म्हणजे आळस. कोळसा पातळ पसरायचा, थोडा थोडा टाकायचा, भट्टीला भूक लागेल तेवढंच वाढायचं, मग धूर येतोच कशाला? त्यांच्या स्वतःच्या चिमणीच्या तोंडाशी नुसती हवा थरथरताना दिसायची. नवा माणूस तर विचारायचा, ही मिल बंद आहे का? हे विचारलं की आप्पांची छाती दोन इंच फुगायची.

आमच्या स्वयंपाकघरातही ते असेच घुसत. रॉकेलचा स्टोव्ह पिवळा जळताना दिसला की न विचारता वाती खालीवर करायचे, ज्योत निळी होईपर्यंत. "पिवळी ज्योत म्हणजे रॉकेल रडतंय," असं वर ऐकवायचे. माझ्या सासूबाईंना हे मुळीच खपायचं नाही. परका बाप्या येऊन आपल्या स्टोव्हला हात लावतो म्हणजे काय, असं त्या आप्पा गेल्यावर अर्धा तास म्हणत बसत. पण ज्योत निळी राहायची खरी.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

एका हिवाळ्यात शाळेचं विज्ञान प्रदर्शन होतं. पृथ्वी तापते आहे, असा एक भलामोठा तक्ता मी आठवीच्या मुलींकडून करून घेतला. विषय तेव्हा नवा होता, मी कुठल्याशा रविवारच्या पुरवणीत वाचलेला, आणि बक्षीस मिळवायचंच असं डोक्यात. तक्त्यावरची चिमणी काढली होती आप्पांच्या मंगलनं. मुलीनं बापाची मिल हुबेहूब काढली, पाण्याची टाकी, लाल पट्टा, सगळं. आणि चिमणीच्या तोंडातून हा एवढा काळाकुट्ट धूर.

आप्पा नवी टोपी घालून प्रदर्शनाला आले. तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग चारचौघांत म्हणाले, हे चित्र खोटं आहे. आमच्या चिमणीतून असा धूर निघत नाही, पोरीला कोणी शिकवलं हे? मंगलचा चेहरा उतरला. परीक्षक शेजारच्याच टेबलाशी होते. माझा पारा चढला. एवढी मेहनत करायची आणि या माणसानं येऊन पाणी ओतायचं. मी म्हटलं, "आप्पा, काळ्या धुराचा इथं प्रश्नच नाही. कोळसा जळला की एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो वर जाऊन साठतो आणि उष्णता अडवतो."

"धूर नसला तरी?"

"धूर नसला तरी. उलट कोळसा जितका नीट जळेल, तितका सगळ्याचा तोच वायू होतो."

 तक्त्यावरच्या त्या काळ्या धुराला आप्पांनी पालथा हात लावला आणि ते निघून गेले. आमच्या तक्त्याला पहिलं बक्षीस मिळालं. मी पेढे वाटले. आणि ज्या माणसानं वीस वर्षं एका गोष्टीचा अभिमान धरला होता, त्याच्या अभिमानावर मी एका वाक्यात बोळा फिरवला होता, हे माझ्या गावीही नव्हतं.

चौथ्या दिवशी द्वारकाबाई आली. म्हणाली, "यास्नं डोकं फिरी गये, बाई. जेवताना उठतात, वर बघतात. वर काहीच नाही तर काय बघतात?" तिच्यामागून आप्पा स्वतः आले, आणि मग येतच राहिले. तो वायू किती दिवस वर राहतो? पाऊस पडला की धुऊन जातो का? झाडं खातात म्हणता, तर पांडेसऱ्यात झाडं कुठं आहेत? मला जेवढं येत होतं तेवढं मी सांगितलं, आणि येत नव्हतं ते मास्तरकीच्या जोरावर रेटलं. एकदा मी कंटाळून म्हटलं, आप्पा, चिमणी शेठची, मिल शेठची, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?

"चिमणी शेठचीच," आप्पा म्हणाले. "पण आग मी लावतो ना, बाई."

 मी चहा टाकायला उठले. तिथंही ते मागून आलेच. शेवटी त्यांना काहीतरी करायला द्यावं म्हणून मी म्हटलं, कोळसा कमी जळाला तर वायू कमी निघेल, इतकं साधं आहे. प्रदर्शनात रागाच्या भरात माझं हे अर्धं सांगायचं राहून गेलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता.

पुढचं वर्षभर आप्पांनी मिल डोक्यावर घेतली. वाफेचे पाइप जिथं जिथं गळत होते तिथं तिथं ते सुट्टीच्या दिवशीही जाऊन बसले. उघड्या पाइपांना गुंडाळायला त्यांनी फाटकी पोती, काथ्या, काचेचा कापूस, मिळेल ते गोळा केलं. वाफ निवून गटारात जाणारं गरम पाणी परत बॉयलरकडे वळवलं, म्हणजे पाणी पुन्हा पहिल्यापासून तापवायला नको. खात्यातले लोक हसत. आप्पा पाइपांना स्वेटर विणतात, म्हणत. पण कोळशाचे ट्रक खरंच कमी झाले. शेठ गुजराती, स्वभावानं चांगला माणूस. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली त्यानं आप्पांच्या अंगावर शाल घातली. आप्पा शाल घेऊन थेट आमच्याकडे आले आणि ती त्यांनी माझ्या सासूबाईंच्या पायाशी ठेवली. सासूबाई विरघळल्या, शाल त्यांनी परत आप्पांच्याच खांद्यावर घातली. त्या दिवसापासून स्टोव्ह आप्पांच्या हवाली झाला.

दिवाळीनंतर शेठनं नवीन जेट मशीन आणलं, साड्या रंगवायचं. एवढी वाफ शिल्लक पडते आहे तर ती वाया का घालवायची, असा त्याचा हिशेब, आणि धंद्याच्या दृष्टीनं तो चोखच होता. कोळशाचे ट्रक पुन्हा पहिल्याइतके झाले. मग आणखी एक मशीन आलं आणि ट्रक पहिल्यापेक्षा वाढले. आप्पांनी मला हे सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत, रडले नाहीत. आमच्या ओट्यावर बसून शालीच्या दशा ओढत राहिले. "म्हणजे वाचवलं ते मीच," म्हणाले, "आणि वाढवलं तेही मीच." मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडा वैतागही आला. या माणसाला आता काय सांगायचं, असं मनात आलं. मला दहावीचे पेपर तपासायचे होते.

श्रावणात खानदेशी घरांत कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी मांडायची, सोमवारी वाजतगाजत बोळवायची. तिचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, मोठ्या नेमाचे. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मुठी मोजून गहू घ्यायचे, त्याच पिठाचे रोट करायचे, आणि ते फक्त भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला घास द्यायचा नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचे, उरवायचे नाहीत. मी दर वर्षी आप्पांकडे दर्शनाला जाई. मला चहा मिळे, रोट मिळत नसे. त्या वर्षी घरात पंचवीसेक भाऊबंद दाटीवाटीनं बसलेले, बहुतेक सगळे त्याच मिलमधले, आणि आप्पा मध्येच उठून उभे राहिले. म्हणाले, आपण सगळे मिळून रोज जे वर सोडतो त्याचं काय करायचं ते ठरवू. शेठला भेटू, नवं मशीन थांबवा म्हणू. निदान आठवड्यातून एक दिवस भट्टी बंद ठेवू.

 मग त्यांचा चुलत भाऊ पंढरी, रंगखात्यातला मुकादम, म्हणाला, "तापू द्या की आप्पा. आपलं खानदेश तर पहिल्यापासूनच तापलेलं शे, आपल्याला सवय आहे." हसून घर दणाणलं. मीही हसले. खोटं कशाला बोलू, वाक्य मजेदारच होतं. कोणी म्हणालं, अमेरिकेत एकेका घरात तीन-तीन मोटारी, त्यांना आधी सांगा. कोणी म्हणालं, ते सरकार बघेल. एकानं कानबाईकडे बोट करून सगळं तिच्या हवाली केलं.

आप्पांनी ताटातला रोट उचलून दाखवला. "हा पंढऱ्याना वाट्याना रोट सरकार खाई का? आपले रोट आपलेच खावा लागतस." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, हा रोट तुम्हाला चालत नाही. पण वर सोडतो त्या दुसऱ्यात तुम्हीबी भाऊबंद." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पदर सावरला आणि चहा छान झालाय असं काहीतरी द्वारकाबाईला म्हटलं.

महिन्याभरात प्लेग आला. चौऱ्याण्णवचा सप्टेंबर ज्यांनी सुरतेत काढला त्यांना मी काय सांगू. दोन दिवसांत शहर ओस पडलं. तोंडाला रुमाल बांधून लोक मिळेल त्या गाडीनं, ट्रकनं गावाकडे पळाले. आमची सोसायटी रिकामी. सासूबाईंना आणि मुलाला साताऱ्याला धाडलं, बँक उघडी म्हणून आम्ही दोघं राहिलो. आप्पांनी द्वारकाबाईला आणि मंगलला अमळनेरला पाठवलं आणि स्वतः राहिले. बॉयलर नीट थंड करून, पाणी काढून, दारं लावून जायचं असतं, तो तसाच टाकून पळणं त्यांच्या परीक्षेत बसत नव्हतं.

एका सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तर आप्पा तिथं होते. तोंडावरचा रुमाल खाली ओढलेला. पांडेसऱ्याकडे बोट करून म्हणाले, बघा. मी बघितलं. सगळ्या चिमण्या उभ्या होत्या आणि एकीतूनही काही निघत नव्हतं. आकाश इतकं निळं मी सुरतेत पाहिलं नव्हतं. मला भीती वाटत होती, त्या शांततेचीच भीती वाटत होती, आणि हा माणूस लहान मुलासारखा कठड्याला धरून उभा.

"बंद होतं, बाई," ते म्हणाले. "एवढी वर्षं सगळे सांगत होते, बंद होणार नाही, दुनिया थांबेल का. दोन दिवसांत थांबली."

मी चिडून म्हटलं, आप्पा, माणसं मरताहेत, काहीतरी बोलू नका. ते लगेच ओशाळले. कानाला हात लावला, देवाचं नाव घेतलं. पण खाली उतरताना पुटपुटलेच, की भीती वाटली की माणसाला जमतं. त्या दुसऱ्याची, वर साठतो त्या वायूची, भीती वाटत नाही, कारण तो उद्या मारत नाही.

दिवाळीच्या आधी लोक परत आले. मिलचा भोंगा वाजला, आणि आप्पांनी बॉयलर पेटवायला नकार दिला. दोन दिवस घरात बसून राहिले. दुसरा सर्टिफिकेटवाला अजून गावाहून आला नव्हता. शेठचा माणूस येऊन गेला, पण त्याचं आप्पांना काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी भाऊबंद आले. पंढरी पुढे होता, आणि या वेळी तो हसत नव्हता. त्याची बायको प्लेगाच्या धावपळीत बाळंत झालेली, घरात दाणा नव्हता. तो आप्पांच्या पाया पडला. मोठा भाऊ नाही, वयानं बरोबरीचाच, तरी पडला. आप्पांनी टोपी घातली आणि त्याच्याबरोबर चालायला लागले.

संध्याकाळी चिमणीच्या तोंडाशी हवा थरथरताना दिसली. मी मुद्दाम त्यांना भेटायला गेले आणि समजूत घातली. म्हटलं, तुम्ही नसता पेटवला तर दुसऱ्यानं पेटवलाच असता, आणि त्यानं जास्तच जाळलं असतं. आप्पांनी मान हलवली. "खरं आहे," म्हणाले. "पण हे तर जो तो म्हणतो ना, बाई."

त्यानंतर आप्पा फार बोलायचे नाहीत. लग्नातून उठून जाणं बंद झालं. दुसऱ्यांच्या चिमण्यांवर शेरे मारणं बंद झालं. आमचा स्टोव्ह पिवळा जळत राहिला, पुढे आम्ही गॅस घेतला. कूलरही घेतला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात फ्रिज. माझा तक्ता मुख्याध्यापकांच्या खोलीत काच लावून टांगलेला होता. तो धडा मी दर वर्षी शिकवायची. पाच मार्कांचा हमखास प्रश्न, मुली घडाघडा लिहायच्या.

सत्त्याण्णवला नवऱ्याची बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी आप्पांचा निरोप घ्यायला गेले. मंगलचं लग्न झालं होतं. द्वारकाबाईनं ओटी भरली. आप्पा दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, उद्या स्टेशनला जाताना मिलच्या रस्त्यानं जा, दहाच्या सुमारास वर बघा. काय आहे विचारलं तर सांगेनात.

नवरा सामान घेऊन पुढे गेला होता. मी मुलाला घेऊन रिक्षात, मिलच्या रस्त्यानं. लांबूनच दिसलं. लाल पट्ट्याच्या त्या चिमणीतून काळाकुट्ट धूर निघत होता, अगदी मंगलनं काढला होता तसा. गोळेच्या गोळे, खाली झोपडपट्टीवर उतरत होते.  मी रिक्षा थांबवायला लावली.

आप्पा मिलच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभे होते. आत बहुधा जोडीदार होता. वीस-पंचवीस वर्षांत ज्या माणसानं चिमणीच्या तोंडाशी काजळी दिसू दिली नाही, त्यानं भट्टीचं दार भरून कोळसा ओतला होता, हवा दाबून धरली होती, आणि बाहेर येऊन उभा राहिला होता. चिमणीकडे बघतच नव्हते ते. रस्त्यावरच्या माणसांच्या तोंडाकडे बघत होते, एकेकाच्या. चहाच्या टपरीवर लोक चहा पीत होते. पाळी बदलून जाणारे कामगार सायकली रेटत होते. झोपडपट्टीतल्या दोन-तीन बाया लगबगीनं बाहेर आल्या, त्यांनी दोरीवरचे कपडे ओढून आत नेले. वर कोणी बघितलं नाही.

मी हाक मारली. आप्पा रिक्षाशी आले. त्यांनी सवयीनं रिक्षाच्या पत्र्याला पालथा हात लावला.

"असं काय केलंत आप्पा?" मी म्हटलं.  "तुमची चिमणी ती."

"दिसत नाही म्हणून कोणी विचारत नाही, असं वाटायचं," ते म्हणाले. "म्हटलं, एकदा दाखवून तर बघावं." त्यांनी पुन्हा एकदा टपरीकडे बघितलं. "तुम्ही तरी बघितलं ना, बाई?"

"बघितलं."

"मग?"

मी तोंड उघडलं. विज्ञानाची बाई मी, बारा वर्षं प्रश्न विचारण्याचा पगार घेतलेला. माझ्या तोंडून निघालं, "गाडीची वेळ झाली, आप्पा."

"हो, हो. जा, गाडी चुकेल," ते म्हणाले, आणि मुलाच्या गालाला हात लावून घाईनं फाटकातून आत गेले. मी तशीच बसून राहिले. पाचेक मिनिटांत धूर करडा झाला, मग पातळ झाला, आणि मग चिमणीच्या तोंडाशी नेहमीसारखी नुसती हवा थरथरायला लागली. मघाचच्या बाया कपडे परत दोरीवर घालायला बाहेर आल्या. रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, निघायचं ना? मी म्हटलं, चला.